पहिली नोंद

दत्तारामच्या मनगटावर कोर्टानं पट्टा चढवला, त्याला आज पाच वर्षं झाली. घरातल्या कुणाच्या दिशेनं त्याचा हात जोरात निघालाच, तर पट्टा तो हात जागीच ताठ करणार आणि तशी नोंद करणार, अशी त्याची रचना होती.

"पाच वर्षांत एकही नोंद नाही," तपासनीस बाई चहाचा कप ठेवत म्हणाल्या. "उद्या येऊन काढून घ्या. मुली कशा आहेत?"

"मोठी फार शहाणी झालीय," मुलींची आई म्हणाली. "आधी रोज अंथरूण ओलं करायची. मग वर्षभर बोललीच नाही. आता काही त्रास नाही तिचा."

बाई गेल्यावर सगळे जेवायला बसले. अकरा वर्षांची जुई नेहमीसारखी भिंतीला पाठ लावून, दार दिसेल अशी बसली. चार वर्षांच्या मनवानं या घरात कधी मारहाण पाहिलीच नव्हती. तिच्या हातून आमटीची वाटी कलंडली.

जुईनं तिच्या कानाखाली लगावली. पुन्हा हात उगारला, तेव्हा तो धरायला दत्ताराम झेपावला. पट्ट्याला एवढंच कळलं, की बापाचा हात लेकीकडे निघालाय. त्यानं नोंद केली आणि दत्तारामचा हात जुईच्या डोक्यावर हवेत तसाच ताठ राहिला.

"जुई, मी मारत नाहीये गं," तो म्हणाला. हात काही खाली येईना.

जुई कान झाकून, गुडघ्यांत डोकं खुपसून बसली. मनवानं त्या हाताकडे पाहिलं, मग ताईकडे. मग तीही तशीच बसली.