वाळवंटातली भाकरी

माझा नातू जितेश सायकलवर राजस्थानचं वाळवंट फिरून आला, म्हणून खरवईतल्या आमच्या सोसायटीने त्याचा सत्कार ठेवला. मला पहिल्या रांगेत बसवलं. हा माइकवर सांगायला लागला, "सायकल वाळूत रुतली, पाणी संपलं. एका झोपडीत म्हातारी भेटली. उंटाला थोपटलं आणि त्याच हाताने पीठ मळायला बसली. आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडून दिली मला. काय सांगू, अमृत होतं ते."

बायका डोळे टिपायला लागल्या. मला शिसारी आली. त्या बाईची नाही, ह्याची. मी मिसरी लावते म्हणून हा माझ्या हातचं खात नाही. एकदा प्लास्टिकचे हातमोजे घेऊन आला, म्हणे, "आजी, हे घालून थाप." त्या दिवसापासून मी परातीला हात लावला नाही.

सेक्रेटरीने माइक माझ्यापुढे धरला. "आजी, नातवाबद्दल दोन शब्द बोला."

मी म्हटलं, "जितू, पुढच्या खेपेला मलाही तिकडे नेऊन सोड. तिथल्या झोपडीत बसून थापली, तर खाशील माझ्या हातची."