शेवटचं सांगा

त्यानं स्वयंपाकघराच्या उघड्या दारावर टकटक केलं आणि विचारलं, ‘‘आत येऊ का, मॅडम?’’

‘‘पाय पुसून या, आत्ताच फरशी पुसलीय,’’ बायको म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. ‘‘म्हणजे... या. बसा.’’

तो टेबलापाशी बसला. वर इस्त्रीचा शर्ट, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. पँटची इस्त्री उद्यासाठी राखून ठेवली होती.

छत्र्यांचा कारखाना बंद पडल्यापासून त्याच्या बऱ्याच मुलाखती झाल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी पगाराचा प्रश्न आला की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. उद्या एका गोदामात बोलावलं होतं. म्हणून आज तालीम. तालमीचा नियम बायकोनंच घालून दिला होता: जुन्या पगाराच्या खाली एक पैसा उतरायचं नाही. आपण काही भीक मागत नाही.

साहेबी थाट यावा म्हणून तिनं त्याचा चष्मा लावला होता. त्यामुळे तिला समोर नुसता एक पांढरा डाग दिसत होता, आणि चष्म्यावाचून त्यालाही समोर कुणीतरी एक मॅडम. तिला अहोजाहो करायला काहीच जड गेलं नाही, लग्नापासून ती तेच करत आली होती. पंचाईत त्याची होती. त्याला अधूनमधून ‘तू’ गिळावं लागत होतं.

‘‘आधी काय करत होतात?’’

‘‘तपासनीस होतो. प्रत्येक छत्री एकदा उघडायची, एकदा मिटायची. नीट उघडली, नीट मिटली, की पास.’’

‘‘मग कारखाना कसा बंद पडला?’’

‘‘तो कुणी तपासला नव्हता, मॅडम.’’

‘‘उद्या असलं काही बोलू नका,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘पगाराची काय अपेक्षा?’’

तो ताठ बसला. एक श्वास घेतला आणि जुना पगार सांगून टाकला. न अडखळता, पाढा म्हटल्यासारखा. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

खरं तर तालीम इथे संपायची होती. तिनं शाब्बास म्हणायचं आणि चहा टाकायचा, असं ठरलं होतं. पण समोरच्या पांढऱ्या डागानं एक आकडा सांगितला होता, आणि कुणीही सांगितलेला पहिला आकडा तिनं जन्मात कधी मान्य केला नव्हता.

‘‘एवढे?’’ ती म्हणाली.

‘‘अं?’’

‘‘एवढे कोण देतं हो? नीट लावून सांगा.’’

तो गोंधळला. थोडा उतरला.

‘‘पलीकडे याहून स्वस्तात मिळतात. तेही ताजे.’’

ते त्यालाही ठाऊक होतं. प्रत्येक मुलाखतीला बाहेरच्या बाकावर ते ताजे त्याच्या शेजारीच बसलेले असत.

‘‘पण मला अनुभव आहे, मॅडम.’’

‘‘अनुभवाचं काय लोणचं घालायचंय? शेवटचं सांगा.’’

तो आणखी उतरला. निम्म्यावर आला. आवाजही निम्म्यावर आला.

बाजारात तिचा एक हुकमी डाव होता. भाव पटला नाही की हातातली भाजी परत टाकायची, ‘‘राहू द्या मग’’ म्हणायचं आणि वळून चालू लागायचं. मागून हाक येतेच. ज्यानं हाक मारली नाही असा भाजीवाला तिला अजून भेटला नव्हता. अशा वेळी नवरा पिशवी घेऊन लांब उभा राहायचा, ही बाई आपली कुणी लागत नाही अशा चेहऱ्यानं.

‘‘राहू द्या मग,’’ ती म्हणाली. खुर्ची सरकवून उठली, वळली आणि सिंककडे चालू लागली.

‘‘अहो, थांबा! थांबा!’’

हाक इतकी हुबेहूब होती की ती थांबली. डाव जमल्याचं नेहमीचं हसूही तिच्या ओठांवर आलं.

‘‘जाऊ नका,’’ मागून तो म्हणत होता. ‘‘काहीच देऊ नका, मॅडम. पगार राहू द्या. नुसतं सकाळी या म्हणून सांगा. मी येईन. सांगाल ते करीन आणि संध्याकाळी घरी जाईन. दमून घरी जायचंय हो एकदा. तेवढंच. घेऊन टाका.’’

ती पाठमोरीच उभी राहिली. नळ सोडला नाही, भांडं उचललं नाही. ओठांवर आलेलं ते हसू कुठे ठेवावं हे तिला कळत नव्हतं.

‘‘मॅडम?’’

‘‘उद्यापासून या,’’ ती भिंतीकडे बघत म्हणाली.

‘‘आणि पगार...’’

‘‘जुना. त्याच्या खाली आम्ही कुणाला ठेवत नाही.’’

‘‘आभारी आहे, मॅडम.’’

तो उठला. खुर्ची आवाज न करता आत सरकवली, दाराबाहेर गेला, आणि नवरा होऊन परत आला.

तिनं चष्मा काढला आणि न वळताच हात मागे करून त्याच्यापुढे धरला. त्यानं घेतला. काचा ओल्या होत्या.

‘‘धुतलास का?’’

‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘शर्टाला पुसू नका. उद्या घालायचाय.’’