दातांचा व

पियानो एक पायरी धाडकन खाली आला, तेव्हा मिशीवाल्याने वरून विचारलं, "कुठली वाट म्हणालास?"

"थांबायची," खालून नवा हमाल म्हणाला.

"मग तशी म्हण ना. मी सोडत होतो."

या देशाच्या भाषेत हमालीचे दोन शब्द होते. एकाचा अर्थ धर, दुसऱ्याचा सोड. नव्याच्या खिशातल्या वहीत ते एकाखाली एक लिहिलेले होते: वाट आणि वाट. दुसऱ्यासाठी वेगळं अक्षर त्याला सापडलं नव्हतं. पहिल्यातला व खालचा ओठ दातांखाली धरून म्हणायचा, दुसऱ्यातला ओठांचा चंबू करून. नव्याच्या तोंडून दोन्हींच्या मधला यायचा, आईकडून आलेला.

जिन्यावर नियम एकच. खालच्याने बोलायचं, वरच्याने ऐकायचं. मध्ये सव्वादोनशे किलोचा पियानो, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही. वरच्याच्या खांद्यावर पट्टा, खालच्याच्या छातीवर वजन.

"दुसरे शब्द ठरवू या का?" नव्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"बावीस वर्षं हे दोनच ऐकतोय," मिशीवाला म्हणाला होता. "तिसरा ऐकला की हात विचार करत बसतात. हातांनी विचार केला की खालचा मेला."

आज सहावा दिवस होता. खाली दाराशी मुकादम उभा होता. नव्याला ठेवायचं की नाही, ते तो संध्याकाळी सांगणार होता. ठेवलं तर परवाना वाढणार होता, नाहीतर महिनाअखेरीला बायकोसकट परत. काल एक कपाट भिंतीला घासलं तेव्हा मुकादमाने दोघांकडे पाहून विचारलं होतं, "याचं तोंड खराब आहे की त्याचे कान?" मिशीवाला पट्टा गुंडाळत राहिला होता. ते नव्याला जास्त लागलं होतं.

सकाळी आरशासमोर त्याने शंभरदा म्हणून पाहिलं होतं. बायको मागे वेणी घालत उभी होती.

"म्हणजे दातओठ खाऊन बोलायचं," ती म्हणाली. "घरी तर छान जमतं तुम्हाला."

"चेष्टा नको. दोन वाटा आहेत. चुकली तर..."

"आपल्याकडे एकच होती. ती लागली म्हणून तर इथं आलो." ती हसली. मग हसायची थांबली आणि म्हणाली, "परत म्हणा. मी डोळे मिटून ऐकते."

तिने डोळे मिटून ऐकलं. दहापैकी सहा वेळा ओळखलं.

वळण आलं. पियानो उभा फिरवला, कडेला टेकवला. पियानोच्या मालकीणबाई वरच्या मजल्यावर दार लावून आत बसल्या होत्या. बघवत नाही, म्हणाल्या होत्या. इथून खाली अठरा पायऱ्या, मधोमध झिजलेल्या. नवा उलटा उतरू लागला. ओठांचा चंबू, वाट. एक पायरी. वाट. दुसरी. मिशीवाला शब्दावर कमी आणि पट्ट्याच्या ओढीवर जास्त चालत होता. नव्याला ते कळत होतं.

पाचव्या पायरीला डावी टाच मागे गेली आणि तिला काही लागलं नाही.

"वाट," तो म्हणाला.

श्वासाबरोबरच शब्द निघून गेला होता, ओठाला दात न लागताच. वर पट्टा क्षणभर अडखळला. मग सैल झाला. पियानो छातीवर आला.

"वाट!"

पट्टा आणखी वीतभर सुटला. टाच हवेतच होती. तोंड मिटलं तर श्वास कोंडत होता, उघडं ठेवलं तर दातांचा व होत नव्हता. एका फासळीत काहीतरी कुरकुरलं. त्याने मान खाली घातली, खालचा ओठ दातांत घेतला आणि दात दाबले. तोंडात खारट चव आली.

"व्वाट."

पट्टा ताठ झाला. पियानो थांबला. आत कुठेतरी एक तार बराच वेळ वाजत राहिली.

"हा," वरून मिशीवाला म्हणाला. त्यालाही धाप लागली होती. "हा बरोबर होता. असाच म्हणत जा."

नव्याने टाचेने चाचपून पायरी शोधली. पाय टेकवला. मग दुसरा. हनुवटीवरून एक थेंब शर्टावर पडला. पुसायला हात मोकळा नव्हता.

"पाय लागला?"

"हं."

"मग सांग. माझा खांदा चाललाय."

आता दुसरा शब्द, सोडायचा. ओठ मोकळा करायचा, पुढे काढायचा, चंबू करायचा. नव्याला सगळं पाठ होतं. त्याने दात उचलायचा प्रयत्न केला. ओठ सुजून जाड झाला होता, आणि दात तो सोडायला तयार नव्हते. पियानो छातीवर श्वासाबरोबर वर-खाली होत होता. अजून तेरा पायऱ्या होत्या.

"काय रे," खालून मुकादमाचा आवाज आला. "तोंडाला कुलूप लागलं का?"

नव्याने पुन्हा दात उचलून पाहिले. वर मिशीवाला वाट बघत होता.