मांडीवरचा कापूस

ऐका ना, आमची वहिनी प्रयोगशाळेत चक्क माया मोजते! म्हणजे बाळाला मांडीवर घ्यायच्या आधी आणि नंतर बाईला कापूस चघळायला द्यायचा आणि लाळेत मायेचं हार्मोन किती वाढलं ते बघायचं. आता तिचं स्वतःचं बाळ तिच्याकडे भोकाड पसरतं आणि माझ्या आईकडे गेलं की खुदकन हसतं. वहिनीचा नुसता जळफळाट! शेवटी तिनं घरातच दोघींचे नमुने घेतले आणि काल प्रयोगशाळेतून तोंड पाडून आली.

"आई, तुमचं माझ्या दुप्पट वाढलंय. घ्या, तुम्हीच व्हा त्याची आई!"

आई गोंधळलीच. "अगं, पण माझा नमुना घ्यायचा होता त्या दिवशी बाळ उठलंच नाही. तुला तर नमुना न्यायचा होता. तू दमून माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलीस ना, तेव्हाच मी तो दुसरा कापूस चघळला."

वहिनी आईच्या गळ्यात पडून रडायलाच लागली. मी मात्र गुपचूप तिच्या पिशवीतून नवा कापूस काढला आणि आईच्या मांडीवर जाऊन आडवी झाले.

"आई, आता हा चघळ. आणि नीट चघळ हं!"