अकरा वीसची पोस्ट

कामगार सुरक्षेच्या परिषदेत माई पहिल्या रांगेत पदर खोचून बसली होती. कारखान्याला आग लागली तेव्हा मागच्या दाराला कुलूप होतं, म्हणून तिची लेक आत जळाली. ते कुलूप कुणाच्या हुकमानं लागलं, हे आज मालकाच्या तोंडावर सांगायचं, एवढ्यासाठीच ती आली होती. तेवढ्यात मोठ्या पडद्यावर तिचाच फोटो झळकला. एकेक अक्षर लावत तिनं वाचलं, ‘मी मालकांना माफ केलं! माईंच्या शब्दांनी सभागृह हेलावलं.’

“अगं ए,” तिनं शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेल्या बाईला ढोसलं, “मी अजून तोंड उघडलं नाही, आणि माफी कधी वाटून आले?”

“मावशी, परिषदेच्या थेट पोस्ट आम्ही सकाळीच वेळ लावून ठेवतो. तुमची अकरा वीसची होती. कार्यक्रम मागे पडला, पोस्ट थोडीच थांबते?”

“पुसून टाक.”

“आता? हजार लोकांनी पुढे पाठवलीय. आणि वेळ उरला नाही म्हणून तुमचं भाषणही रद्द झालंय.”

“पण हे शब्द कुठल्या मेल्यानं लिहिले?”

“असं काय करता मावशी? तुमच्या थोरल्यानंच लिहून पाठवलेत.”

थोरल्याला त्याच कारखान्यात कायम केल्याचं पत्र कालच आलं होतं. बहिणीच्या जागेवर भावाचा हक्कच आहे, असं म्हणत माईनंच ते लेकीच्या फोटोपुढे ठेवलं होतं.