हरण्याचा हक्क

चिपळूणच्या सभागृहात यंत्रमानव स्पर्धेचा निकाल लागला आणि नऊ वर्षांची मैथिली पहिली आली. तिचा यंत्रमानव पाण्याचा पेला घेऊन पहिल्याच पायरीवर पालथा पडला होता. पंधरा वर्षांच्या झुबेरचा यंत्रमानव थेंब न सांडता अख्खा जिना चढला, म्हणून त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

यात कोणाची चूक नव्हती. माणसं परीक्षक असताना वशिल्याची ओरड व्हायची, म्हणून आता पंचयंत्र होतं. त्याने झुबेरच्या मामाचं वर्कशॉप आहे म्हणून त्याचे गुण कापले. मैथिलीला लहान वयाचे गुण दिले, शिवाय तिचे दोन दात हलत होते, त्याचेही दिले.

मैथिली तरातरा व्यासपीठावर चढली.

"माझा पडला ना? मग मी हरले म्हणा!"

"बाळ, वयाच्या मानाने तो फारच छान पडला," पंचयंत्र मायेने म्हणालं.

"बाळ कोणाला म्हणता? गुण परत घ्या!"

यंत्राने क्षणभर विचार केला. "प्रामाणिकपणाचे आणखी दहा."

टाळ्या पडल्या. खालून आई दबक्या आवाजात म्हणाली, "मैथिली, गुपचूप घे आणि खाली ये."

मैथिलीने करंडक घेतला, थेट शेवटच्या रांगेत गेली आणि तो झुबेरच्या मांडीवर आदळला.

"धर, दादा. पुढच्या वर्षी तुला हरवून परत नेणार आहे."

"औदार्याचे वीस!" पंचयंत्र गहिवरून म्हणालं.

"औदार्य कसलं?" मैथिली वळून ओरडली. "वर्षभर सांभाळायला दिलाय!"