राउंडची नवी पद्धत

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात मोठ्या डॉक्टरांनी राउंडची नवी पद्धत सुरू केली. आता म्हणे सगळ्यांनी बोलायचं आणि सगळ्यांचं ऐकायचं. प्रत्यक्षात बोलत होते ते एकटेच. बाकीचे मान डोलावण्याचं काम एकजुटीने करत होते.

काचेच्या पेटीपाशी गाऊन, टोपी आणि मास्क घालून बाळाची आई उभी होती. पोर वेळेआधी जन्मलं तेव्हापासून ती रोज राउंडला जीव मुठीत धरून तिथेच उभी राहायची. आज सकाळपासून बाळाचं पोट तिला फुगलेलं वाटत होतं, आणि दूधही त्याने बाहेर टाकलं होतं.

"डॉक्टर, बाळाचं पोट जरा..."

डॉक्टरांनी मॉनिटरवरची नजर न हलवता तळहात वर केला. "एक मिनिट. मी संवादाबद्दलच बोलतोय."

मग ते बराच वेळ संवादाबद्दल बोलले. तिने पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा तळहात वर झाला. ज्युनिअर डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि स्वतःच्या पोटाचा विचार करून भिंतीकडे पाहिलं.

"लक्षात ठेवा," डॉक्टर शेवटी म्हणाले, "आपल्या टीममध्ये सगळ्यात महत्त्वाची कोण, तर बाळाची आई. आधी तिचं ऐकायचं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या जिवात जीव आला आणि ती बोलायला पुढे सरकली.

 

"सिस्टर, तुम्ही जरा बाजूला व्हा," डॉक्टर तिला म्हणाले, "आणि कुणीतरी बाळाच्या आईला बोलावून आणा."